हातात हत्यार आलं की डोळ्यांना काय दिसतं

सुरतेहून हजिऱ्याकडे निघालं, तापी ओलांडली, अडाजण-पाल मागे टाकलं, की इच्छापोर येतं. एका अंगाला हिऱ्यांचं विशेष आर्थिक क्षेत्र, पुढे क्रिभको, ओएनजीसी, एलअँडटी, रिलायन्स आणि पूर्वी एस्सारचा असलेला पोलादाचा कारखाना. पाळी सुटण्याच्या वेळी या रस्त्यावर गुजराती, हिंदी, उडिया, भोजपुरी आणि आपली मराठी-अहिराणी एकाच वेळी कानावर पडतात. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीला सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवाव्या लागतात आणि त्यांत मराठी आहे, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हे शहर आपलं केलं आहे.

या रस्त्यावर एक प्रसंग मनात उभा करू. शिकवणीहून परतणारी आठ वर्षांची मुलगी, तिच्या मागे पंधरा-वीस पावलांवर वडील. एक मोटार हळू होते, दार उघडतं आणि कोणीतरी मुलीचा दंड धरतं. वडिलांच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल आहे. पुढच्या तीन सेकंदांत काय होईल?

अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर शिकवणारे प्रशिक्षक आहेत. पिस्तूल बाळगणाऱ्या आईबापांकडून ते सराव करून घेतात. एका हाताने मुलाला मागे कसं ओढायचं, दुसऱ्या हाताने हत्यार कसं हाताळायचं, घरात ठरलेला एक शब्द उच्चारताच मुलाने जमिनीवर कसं बसायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा. आपल्याकडे परवाने मोजके, पण इथेही 2016 च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यायला लावलं आहे. म्हणजे प्रश्न आपल्यालाही लागू आहे. मी याविषयी वाचत गेलो तेव्हा पिस्तूल, नेम, चपळाई यांच्याबद्दल काही कळेल असं वाटलं होतं. कळलं ते माणसाच्या डोळ्यांबद्दल आणि मेंदूबद्दल, आणि ते इतकं विलक्षण आहे की प्रत्येक आईबापाला सांगावंसं वाटतं.

आधी अंतराचा हिशेब. 1983 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी एक साधी चाचणी मांडली. सुरी घेतलेला माणूस किती अंतरावर असला तर तो धोक्याचा? त्यांना आढळलं की धडधाकट माणूस 21 फूट, म्हणजे जेमतेम साडेसहा मीटर, सुमारे दीड सेकंदात कापतो. आणि सराव असलेल्या पोलिसालाही कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला तेवढाच वेळ लागतो. आपल्या प्रसंगातला माणूस तर मुलीला धरूनच उभा आहे. त्याला मोटारीत शिरायला लागणारा वेळ आणि वडिलांना हत्यार बाहेर काढायला लागणारा वेळ यांत फारसा फरक उरत नाही.

मग नेम. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा रँड या संशोधन संस्थेने अभ्यास केला, तो 1998 ते 2006 या काळातला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या शंभर गोळ्यांपैकी सरासरी 18 लागल्या. समोरून गोळी येत नव्हती तेव्हाही फक्त 30. ही नेमाने सराव करणाऱ्या, पगारी, गणवेशातल्या माणसांची कामगिरी. आता त्या लक्ष्याच्या छातीशी आपलं मूल धरलेलं आहे अशी कल्पना करा. उरलेल्या सत्तर-ऐंशी गोळ्या कुठेतरी जाणारच. बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारात पहारेकऱ्याच्या खांद्यावर जी बारा बोअरची बंदूक दिसते तिचं गणित आणखी वाईट, कारण तिचे छर्रे सुटल्यावर दर मीटरला साधारण अडीच सेंटीमीटर फाकत जातात. दहा मीटरवर ते वीतभर रुंद होतात. मूल आणि त्याला धरणारा यांच्यात वीतभर अंतर कुठून आणायचं?

इथवरचं सगळं अंदाजाने कळण्यासारखं आहे. थक्क करणारं पुढे आहे.

2012 मध्ये जेसिका विट आणि जेम्स ब्रॉकमोल या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना पडद्यावर चित्रं दाखवायची. प्रत्येक चित्रात एकजण हातात काहीतरी धरून उभा. कधी बंदूक, कधी मोबाईल, कधी बूट. बघणाऱ्याने चटकन सांगायचं, बंदूक आहे की नाही. बघणाऱ्यांच्या हातातही काहीतरी दिलेलं होतं: कधी फोमचा चेंडू, कधी खेळण्यातली बंदूक. निकाल असा की हातात बंदूक असताना लोकांना समोरच्याच्या हातात बंदूक जास्त वेळा दिसली, नसलेल्या ठिकाणीही. बंदूक नुसती जवळ, नजरेसमोर ठेवली तर हा परिणाम होत नव्हता. ती हातात धरली की होत होता.

यावर क्षणभर थांबायला हवं. डोळे जग टिपतात आणि हात त्यावर कृती करतो, असा आपला समज. या प्रयोगात उलटी वाट दिसते. हात काय करायला सज्ज आहे यावर डोळे काय पाहतात ते ठरतं. मेंदू समोरच्या दृश्याचा अर्थ लावताना ‘मला आत्ता काय करता येईल’ हा प्रश्नही त्यात मिसळतो. खेळण्यातली बंदूक धरलेला, गार हवेच्या खोलीत बसलेला, कसलाही धोका नसलेला माणूस जर मोबाईलला बंदूक समजत असेल, तर इच्छापोरच्या संध्याकाळी, मुलीची किंकाळी ऐकलेल्या बापाला काय दिसेल? रस्त्यावर पडलेल्या मुलीला हात देऊन उठवणारा माणूस त्याला कसा दिसेल?

भीती यात आणखी भर घालते. डेव्हिड क्लिंगर हे स्वतः पूर्वी पोलीस होते, नंतर संशोधक झाले. ज्यांनी कर्तव्यावर असताना माणसावर गोळी झाडली होती अशा 80 पोलिसांशी ते बोलले. बहुतेकांनी सांगितलं की त्या क्षणी आवाज दबले. काहींना स्वतःच्या पिस्तुलाचा बारही नीट ऐकू आला नव्हता. सुमारे निम्म्यांची नजर एका अरुंद नळीत अडकल्यासारखी झाली होती. कडेला काय आहे ते दिसेना. कडेला मूल असू शकतं, दुसरा पालक असू शकतो, शेजारी असू शकतो. शरीराने जीव वाचवण्यासाठी केलेली ही तयारी आहे, आणि समोर वाघ असता तर ती उपयोगी पडली असती. गर्दीच्या रस्त्यावर मात्र तिने माहितीचा सगळ्यात मोठा भाग कापून टाकलेला असतो.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे हत्यारबंद आईबाप म्हणजे परवान्याचं पिस्तूल नव्हे. काठी, कुऱ्हाड, कोयता, दगड. आणि मूल पळवण्याच्या संशयावर अशा हत्यारबंद आईबापांनी काय केलं याची नोंद महाराष्ट्रात आहे.

तिची सुरुवात कराचीत झाली. तिथल्या रोशनी हेल्पलाईन या संस्थेने हरवलेल्या मुलांबद्दल लोकांना जागं करण्यासाठी एक छोटी चित्रफीत बनवली होती. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. मग ते परत येतात, मुलाला सोडतात आणि एक फलक उघडतात: मूल पळवायला एक क्षण पुरतो. पालकांनी सावध व्हावं हा त्यामागचा हेतू. कोणीतरी शेवटचा भाग कापला. परतीचा क्षण गेला, फलक गेला, उरली फक्त मोटरसायकल आणि उचललेलं मूल. 2018 च्या उन्हाळ्यात ही कापलेली चित्रफीत भारतभर मोबाईलवर फिरली, आणि तिच्याबरोबर ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ हा मजकूर. जागृतीसाठी केलेली फीत काही सेकंद कमी होताच माणसं मारणारी झाली, याहून भयंकर रूपांतर मला माहीत नाही.

1 जुलै 2018. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून गावोगाव फिरणारे. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला. एवढंच. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही गेले. खटला चालला आणि 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. राईनपाडा घडण्याच्या काहीच दिवस आधी, 26 जूनला, अहमदाबादच्या वाडजमध्ये भिक्षा मागणाऱ्या एका स्त्रीचा अशाच संशयावरून जीव गेला होता.

दुसरी नोंद थेट सुरतेच्या वाटेवरची. 16 एप्रिल 2020, टाळेबंदीचे दिवस. दोन साधू आणि त्यांचा चालक कांदिवलीहून मोटारीने एका अंत्यविधीसाठी सुरतेला निघाले होते. मुख्य रस्त्यावर अडवतील म्हणून ते आडवाटेने आले आणि पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावापाशी, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळच्या नाक्यावर थांबवले गेले. त्या भागात चोरांच्या आणि मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा कित्येक दिवस फिरत होत्या; दोनच दिवसांपूर्वी जवळच्या सारणी गावात एका डॉक्टरवर आणि पोलिसांवर हल्ला झाला होता. पोलीस पोहोचलेले असतानाही जमावाने तिघांना मारून टाकलं. ते सुरतेला पोहोचलेच नाहीत.

या दोन्ही ठिकाणी गर्दीत आईबाप होते. त्यांच्या हातात हत्यार होतं आणि मनात मुलाबद्दलची खरी भीती. मी त्या भीतीला खोटं म्हणणार नाही. पण विट-ब्रॉकमोल यांच्या प्रयोगशाळेत जे फोमचा चेंडू आणि खेळण्यातली बंदूक यांच्या फरकातून दिसलं, तेच राईनपाड्यात काठ्यांसह घडलं असावं, असं मला वाटतं. मारायला सज्ज झालेल्या हातांना मुलीशी बोलणारा भिक्षेकरी दिसलाच नाही. त्यांना अपहरण दिसलं. परक्या भाषेत बोलणारा, परक्या वेशातला माणूस आणि समोर मूल, एवढ्या दोन गोष्टींवरून चित्र पुरं झालं. सात माध्यमांच्या शाळा असलेल्या सुरतेत तर असा माणूस प्रत्येक चौकात आहे. भाषा न कळणाऱ्या, रडणाऱ्या मुलाला ‘घर कुठे तुझं’ विचारणारा उडिया कामगार आणि मूल पळवणारा यांत लांबून काहीच फरक दिसत नाही.

गंमत अशी की ज्यांनी खरोखर मुलं पळवली त्या परक्या दिसतच नव्हत्या. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांचं प्रकरण मराठी वाचकाला ठाऊक आहे. 1990 ते 1996 या काळात त्यांनी कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई अशा ठिकाणांहून 13 मुलं पळवल्याचा आणि त्यांतल्या 9 जणांचे खून केल्याचा आरोप होता. ही मुलं त्यांना हवी होती ती पाकीटमारी करताना कडेवर ठेवायला. चोरी करताना पकडली गेलेली बाई लेकुरवाळी असली की गर्दी तिला सोडते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, असं तपासात पुढे आलं. 2001 मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि दयेच्या अर्जावरच्या विलंबामुळे जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. गर्दीच्या डोळ्यांनी इथे नेमकी उलटी चूक केली. कडेवर मूल असलेली बाई म्हणजे आई, हे चित्र इतकं पक्कं की कोणाला शंकाच आली नाही. राईनपाड्यात निरपराध गुन्हेगार दिसले आणि इथे गुन्हेगार आया दिसल्या.

कायदा या क्षणाकडे कसा बघतो, तेही पाहण्यासारखं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 38 व्या कलमात स्वसंरक्षणाचा हक्क कोणत्या प्रसंगी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जातो याची यादी आहे, आणि अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला त्या यादीत आहे. जुन्या दंड संहितेच्या शंभराव्या कलमातही तो होता. हा हक्क स्वतःपुरता नाही, दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही आहे. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर विश्वनाथ नावाच्या तरुणाचं प्रकरण आलं. त्याच्या बहिणीला एकजण ओढून नेत होता. विश्वनाथने खिशातली सुरी काढून एकच वार केला, तो काळजाला लागला आणि माणूस मेला. उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे निर्दोष सोडलं. ओढून नेणारा माणूस तिचा नवरा होता. म्हणजे अपहरण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो अनोळखी माणूस उभा राहतो, तो या महत्त्वाच्या निकालात नव्हताच.

पण या हक्काला कुंपणं आहेत. 37 वं कलम सांगतं की सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ होता तिथे हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कधीच नाही. खोलीत कोंडलेल्या पाच माणसांना मारणं या कुंपणाच्या कितीतरी बाहेर पडतं. पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून ठरवून केलेल्या खुनासाठी आता 103 व्या कलमात स्वतंत्र तरतूद आहे आणि शिक्षा जन्मठेप किंवा मृत्युदंड. 44 व्या कलमाचं उदाहरण तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. जमाव एखाद्याचा जीव घ्यायला धावला आहे, गोळी झाडल्याशिवाय त्याला वाचता येत नाही आणि त्या जमावात लहान मुलं मिसळली आहेत. अशा वेळी त्याच्या गोळीने मुलाला इजा झाली तर तो गुन्हा ठरत नाही. 1860 च्या दंड संहितेतून हे उदाहरण जसंच्या तसं आलं आहे. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना हे दिसलं होतं की झाडलेली गोळी कोणाला लागेल हे झाडणाऱ्याच्या हातात नसतं. कायदा माफ करेल. आईबापाला ती माफी काय कामाची?

मग प्रशिक्षणाने काय साधतं? बरंच साधतं, फक्त ते वेगळ्या माणसाला द्यावं लागतं. पळवण्याचा प्रयत्न फसलेल्या घटना अमेरिकेतल्या हरवलेल्या मुलांच्या राष्ट्रीय केंद्राने गोळा केल्या, तेव्हा दिसलं की सुटलेली बहुतेक मुलं स्वतःच्या कृतीने सुटली होती. ओरडली, हिसका दिला, लाथा मारल्या, पळाली. घटनास्थळी हमखास हजर असणारा, अंतराचा प्रश्न नसलेला, ओळखीची चूक न करणारा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे मूल.

पण मुलाला शिकवायचं कसं? 1981 मध्ये शेरिल पोश आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतली तीन मुलं घेतली. एक अनोळखी माणूस येऊन त्यांना तीन तऱ्हांनी बोलवायचा: ‘फिरायला येतोस?’, ‘तुझ्या बाईंनी परवानगी दिली आहे’, ‘माझ्या गाडीत एक गंमत आहे’. मुलं सहज निघायची. मग त्यांच्याकडून प्रत्यक्ष सराव करून घेतला: ‘नाही, मला बाईंना विचारायला हवं’ असं म्हणायचं आणि लगेच बाईंकडे पळायचं. काही आठवड्यांनी तपासलं, तरी ही सवय टिकली होती.

पुढे रेमंड मिल्टनबर्गर यांनी याच पद्धतीवर अनेक वर्षं काम केलं आणि त्यातून एक चकित करणारी गोष्ट ठळक झाली. वर्गात बसून नियम शिकलेलं मूल नियम बिनचूक सांगतं. प्रत्यक्ष प्रसंग आला की ते तसं वागत नाही. सांगता येणं आणि करता येणं या मेंदूच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या शिक्षणाच्या गोष्टी आहेत. ज्या जागी प्रसंग घडू शकतो त्या जागी, अचानक, अनेकदा करून घेतलेला सरावच उपयोगी पडतो. मिल्टनबर्गर यांच्या गटाने हाच धडा आणखी एका बाबतीत दाखवला, आणि ती बाब आपल्या विषयाला नेमकी भिडते: घरात सापडलेली बंदूक. ‘हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं’ हे पाठ म्हणणारी चार-पाच वर्षांची मुलं बंदूक दिसताच तिला हात लावत होती.

मोठी मुलं शहाणी असतील असं वाटतं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अटलांटातल्या एका अभ्यासात आठ ते बारा वर्षांच्या 64 मुलग्यांना दोघा-तिघांच्या 29 गटांत एका खोलीत ठेवलं होतं. तिथल्या खणात एक खरं पिस्तूल होतं, गोळी न उडणारं. 21 गटांना ते सापडलं. 16 गटांनी ते हाताळलं. 10 गटांत कोणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी शिकवलेलं होतं. अपहरणाच्या भीतीने हत्यार घेणाऱ्या बापापुढची खरी अडचण इथे आहे. तीन सेकंदांत हाती यायला हवं असेल तर ते कुलपात ठेवून चालत नाही, आणि मुलापासून लांब ठेवायचं असेल तर कुलपाशिवाय चालत नाही.

मूल ओरडेल, पण काय ओरडेल? ‘वाचवा’ किंवा नुसतं रडणं ऐकून रस्त्यावरची माणसं हट्टी पोर समजतात. ‘हे माझे बाबा नाहीत’ असं ओरडलं तर बघणाऱ्याला एका क्षणात नेमकी माहिती मिळते आणि राईनपाड्यात जी पायरी गाळली गेली ती आपोआप येते. कोण कोणाचं, हे मूल स्वतः सांगतं. इच्छापोर, उधना, लिंबायतच्या मराठी मुलाला हे वाक्य तीन भाषांत यायला हवं. ‘आ मारा पप्पा नथी’ आणि ‘ये मेरे पापा नहीं हैं’. घरी मराठी बोलणारं मूल घाबरल्यावर मराठीतच ओरडणार, म्हणून गुजराती वाक्याचा सराव जास्त. आणि ऐकणाऱ्या मोठ्यांचाही सराव हवा: मध्ये उभं राहायचं, गाडीचा क्रमांक मोठ्याने म्हणायचा, आणि आधी मुलाला विचारायचं, ‘तुझं नाव काय? हे कोण?’ हत्यार असो वा नसो, या प्रश्नाआधी हात उचलायचा नाही.

मूल गेलंच, तर पुढचे तास मोलाचे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या अभ्यासात, पळवून मारल्या गेलेल्या मुलांपैकी चारांतली तीन पहिल्या तीन तासांत मारली गेली होती. अशा घटना विरळ आहेत, पण त्यांत पालकांनी पोलिसांना कळवेपर्यंतच बऱ्याचदा दोन तास गेलेले होते. आपल्याकडे अजूनही ‘चोवीस तास थांबा’ ही समजूत आहे. तसा कोणताही नियम नाही. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला की हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार पळवून नेल्याचं गृहीत धरून गुन्हा म्हणून नोंदवायची. कोणत्याही ठाण्यात ती देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

आणि शोध थांबत नाही, याचं मला माहीत असलेलं सर्वांत थरारक उदाहरण मुंबईचं आहे. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले. 2008 ते 2015 या काळात त्या हद्दीतून 166 मुली हरवल्या. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 165 शोधल्या. राहिलेली एक 22 जानेवारी 2013 ला शाळेत जाताना नाहीशी झाली होती, सात वर्षांची. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले, तरी तिला शोधत राहिले. ऑगस्ट 2022 मध्ये ती सापडली. मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेलं होतं. शेवटी शेवटी ती आईच्या घरापासून सुमारे 500 मीटरवर राहत होती.

ती सापडली कशी? जिथे ती कामाला जायची तिथल्या एका कामवाल्या बाईने तिची हकिकत ऐकली आणि मोबाईलवर तिचं नाव घालून शोध घेतला. 2013 मधला ‘हरवली आहे’चा फलक पडद्यावर आला आणि मुलीने स्वतःला ओळखलं. फलकावर पाच क्रमांक होते. चार बंद पडले होते. पाचवा एका शेजाऱ्याचा होता, आणि तो लागला. साडेनऊ वर्षांनंतर ज्या डोळ्यांनी नेमकं पाहिलं ते एका घरकाम करणाऱ्या बाईचे होते. तिच्या हातात फक्त फोन होता आणि तिने आधी मुलीचं म्हणणं ऐकून घेतलं होतं.

म्हणून इच्छापोरच्या, उधन्याच्या, धुळ्याच्या, कुठल्याही वस्तीतल्या आईबापांना माझी विनंती आहे. हत्याराचा परवाना काढायच्या आधी या रविवारी मुलांना घेऊन रस्त्यावर उतरा. शिकवणीच्या वाटेवर, खऱ्या जागी, मुलाने न ओळखलेल्या एखाद्या नातेवाइकाला बोलवायला सांगा आणि मूल काय करतं ते पाहा. ‘हे माझे बाबा नाहीत’ हे वाक्य तिन्ही भाषांत मोठ्याने ओरडवून घ्या. मुलाला तुमचा क्रमांक पाठ करायला लावा आणि त्यासोबत एका शेजाऱ्याचाही, जो दहा वर्षांनी बदललेला नसेल. टोळीची चित्रफीत आली तर पुढे पाठवू नका, ठाण्यात दाखवा. काहीही संशयास्पद दिसलं तर पोलिसांसाठी 112 आणि मुलांसाठी 1098. हा दुसरा क्रमांक 1996 मध्ये मुंबईतच सुरू झाला, आज तो देशभर चालतो, आणि तो लावायला कसलाही परवाना लागत नाही.